आईचं थायरॉइड

माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा मी आठ वर्षांची होते. बारसं झालं, पाहुणे गेले आणि काही दिवसांनी आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली. बाळाला पाजायला उठायची, न्हाणीत जायची, परत तिथेच येऊन पडायची. तो सगळा पावसाळा तसाच गेला. आमचं घर रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत. बाबा सरकारी नोकरीत होते. सकाळी कुकर लावून, माझ्या वेण्या कशातरी घालून ते ऑफिसला जात. मी शाळेतून यायचे तेव्हा पडदे ओढलेले असत, बाळ रडत असे आणि आई टक्क जागी असे. त्याचाच मला जास्त राग यायचा. झोपलेली असती तर मी समजून घेतलं असतं.

पुढे ते दर दोन-तीन वर्षांनी होत राहिलं. मधले दिवस चांगले असत. आई पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे ब्लाउज शिवायची, भरपूर बोलायची, शेवयांची खीर करायची. मग हळूहळू शिलाईमशीनवर कपडा पडायचा, तिचं बोलणं कमी व्हायचं, आणि एके दिवशी पडदे ओढलेले दिसायचे. आत्या म्हणायची, तिला कामाचा कंटाळा आहे, माझा भाऊ भोळा म्हणून चालून जातं. शेजारणीने एकदा तिला बैगाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेऊन झाडफूक करून आणलं. बाबा कुणालाच काही म्हणत नसत. मी आत्याच्या बाजूची होते. पंधरा वर्षांची असताना एकदा, आईने सलग तीन दिवस केस विंचरले नव्हते तेव्हा, मी दारात उभी राहून तिला सांगितलं की मी तुझ्यासारखी कधीच होणार नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको होऊ बाई." त्यात टोमणा नव्हता. ती मनापासून म्हणाली होती.

मी शिकले, एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले, लग्न होऊन शंकर नगरला राहायला गेले. बाबा निवृत्त झाले. आई अठ्ठावन्नची झाली तेव्हा तिची झोप उडाली, पोटात सारखं दुखायला लागलं आणि वजन उतरलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात मनोविकारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. हळू आवाजात, आणि तेही आपल्याच दवाखान्यात, दार लावलेलं असताना.

बाबा आम्हाला गाडीने घेऊन गेले. गाडी मात्र त्यांनी दोन इमारती पुढे, दाताच्या डॉक्टरांसमोर लावली आणि आत आले नाहीत. पाटीवर मानसिक रोग आणि नशामुक्ती असं दोन्ही लिहिलेलं होतं. आईने ती वाचली आणि मला विचारलं, "इथं दारू सोडवतात ना? मग मले काहून आणलं?"

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. हिंदीत बोलत होत्या. त्यांनी आईला विचारलं की कधीपासून असं वाटतं. मला वाटलं, आई पोटाचं सांगेल. आई म्हणाली, धाकटी झाली तेव्हापासून. मग ती बोलतच राहिली. सकाळी डोळे उघडले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. पोरगी रडताना ऐकू येते पण हात हलत नाही. लोक आळशी म्हणतात आणि आपल्यालाही तेच खरं वाटतं. तलावाकडे पाय ओढले जायचे म्हणून दोन वर्षं आपण तो रस्ताच सोडला होता, हेही तिने सांगितलं. मी तिच्या शेजारी बसले होते. तो रस्ता तिने का सोडला होता हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला वाटायचं, तिला चालायचाही कंटाळा आहे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माँजी, ये बीमारी है. इसमें आपकी कोई गलती नहीं थी." आईने त्यांना ते परत सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मग आईने बीमारीचं नाव विचारलं आणि ते कागदावर हिंदीत लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं. ती चिठ्ठी तिने घडी करून पर्समध्ये, देवीच्या फोटोमागे ठेवली. गाडीत बसल्याबरोबर बाबांना म्हणाली, "मले डिप्रेशन आहे. आळशी नव्हतो मी." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. बाबांनी गाडी सुरू केली आणि हळू बोल म्हणाले, काचा खाली आहेत.

तीन-चार आठवड्यांत गोळ्या लागू पडल्या. आई जेवू लागली. मशीनवरचा कपडा निघाला. आणि आई सांगत सुटली. भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, फोनवर आत्याला सांगितलं. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस ज्या आनंदाने सांगतो, तसं सांगायची. भाजीवालीने टोपली खाली ठेवून सगळं ऐकलं आणि तिच्या बहिणीलाही असंच होतं म्हणाली. आईने तिला डॉक्टरांचा पत्ता दिला. ऐकून घेणारी तेवढी एकच.

थंडीत आमच्या पाऱ्यातल्या बायका एका गच्चीवर जमून कोहळ्याच्या बड्या घालतात. उडदाची डाळ वाटायची, कोहळा किसायचा आणि कापडावर ओळीने बड्या टाकायच्या. त्या वर्षी मी रविवार म्हणून गेले होते. बोलता बोलता कुणीतरी आईची तब्येत विचारली आणि आईने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, डॉक्टर किती चांगल्या आहेत ते. हात चालू होते, पण बोलणं थांबलं. एकीने विचारलं, "वो पागल वाला डॉक्टर?" आई म्हणाली, "हव, वही." आणि पुढची बडी घातली. बायका कोहळा यंदा किती पाणचट निघाला यावर बोलायला लागल्या. मी खाली बघून डाळ फेसत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

शेजारची सून रोज दुपारी तिच्या दोन वर्षांच्या मुलीला तासभर आईकडे सोडायची. त्या आठवड्यात तिने मुलीला सर्दी झाल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मुलगी दुपारी झोपते म्हणाली. आई बरेच दिवस बिस्किटांचा डबा खालच्या फळीवर काढून ठेवत होती, त्या पोरीच्या हाताला लागेल असा. मग एक दिवस तिने तो वर ठेवला.

त्याच सुमारास धाकटीसाठी भिलाईचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, घर मराठी, माणसं सरळ. मला आत्याचा फोन आला की तुझ्या आईला आवर, साऱ्या रायपूरला सांगत सुटली आहे, उद्या पोरीला कोण करून घेईल. मी आत्यावर चिडले, पण फोन ठेवला आणि संध्याकाळी बूढापाऱ्यात गेले. धाकटी माझी वाटच पाहत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. म्हणाली, "दीदी, मम्मी से बोलो ना. बस शादी तक."

आई स्वयंपाकघरात होती. मी तिला समजावलं, म्हणजे वर्गात समजावते तसं. लोकांना कळत नाही, त्यांना ते वेड वाटतं, आनुवंशिक आहे का म्हणून विचारतील, धाकटीचं नुकसान होईल. कुणी विचारलंच तर थायरॉइड सांग. त्यातही थकवा येतो, रोज गोळी घ्यावी लागते, कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

"थायरॉइड तर मले नाही," आई म्हणाली.

"फक्त म्हणायचं गं."

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाईले खोटं बोलावं लागन का?"

मी म्हटलं, नाही, बाहेरच्यांनाच.

"बरं," ती म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा आई कांजीवरम नेसली होती. चहा झाल्यावर मुलाच्या आईने सहज विचारलं की तुमची तब्येत जरा उतरलेली दिसते. आई म्हणाली, "थायरॉइड आहे." अगदी सहज म्हणाली. मुलाच्या आईने लगेच धन्याचं पाणी सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितलं, कोबी खाऊ नका म्हणाल्या, आपल्या नणंदेला पण आहे म्हणाल्या. आई मान डोलावत होती. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं होतं. लग्न ठरलं आणि झालं. लग्नात आई छान दिसत होती. कुणाकुणाला थायरॉइडबद्दल सांगतानाही मी तिला ऐकलं.

पावसाळ्याच्या शेवटी एकदा गेले तर घरात पडदे ओढलेले. फ्रिजच्या वर गोळ्यांची पाकिटं होती, तीन महिन्यांची, एकही गोळी न फोडलेली. बाबा म्हणाले, ती बरी होती, नको म्हणाली, मीही म्हटलं कशाला उगाच औषधांची सवय. मी आतल्या खोलीत गेले आणि आईला रागावून विचारलं, गोळ्या का बंद केल्या. तिने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"आजार नाही म्हटलं ना आपण," ती म्हणाली. "मग गोळ्या काहून?"

मी तिला परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कशा बंद झाल्या ते विचारलं. मी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत विसरली. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत बसली. बाहेरच्यांनाच खोटं सांगायचं असं मीच तिला म्हटलं होतं. त्या वेळी बरं वाटायला जास्त दिवस लागले. गोळ्या वाढवाव्या लागल्या. ती हिंडू-फिरू लागली, पण आजाराबद्दल बोलणं तिने सोडलं. भाजीवालीने विचारलं तरी "ठीक आहे" एवढंच. पर्समधल्या फोटोमागे आता चिठ्ठी नव्हती. ती कुठे गेली हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दीड वर्षाने धाकटीला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईला झेपणार नाही म्हणून भिलाईलाच करायचं ठरलं. विहीणबाईंनीच तसं सुचवलं. थायरॉइड असताना कशाला दगदग, म्हणाल्या. सुरुवातीला धाकटीचे फोन येत. प्रत्येक वाक्यानंतर हसायची. सब ठीक है दीदी, आणि हसायची. बाळ रातभर रोता है, आणि हसायची. ते हसू मला खटकत होतं, पण मी परीक्षेचे पेपर तपासत होते आणि आनंदात आहे असं मी मानून घेतलं. मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. चांगला मुलगा आहे तो. चाचरत म्हणाला की ती जेवत नाही, न्हाणीत नळ सोडून तासतासभर बसून राहते, बाळाला घे म्हटलं तर माझ्या हातून पडेल म्हणते. माझ्या आईचं म्हणणं आहे नजर लागली. तुम्ही येऊन जाता का.

मी आईला नेणार नव्हते. बाबांना सांगताना तिने ऐकलं आणि साडी बदलून दारात येऊन उभी राहिली.

आम्ही दुपारी पोचलो. धाकटी पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. बाळ तिच्या सासूच्या मांडीवर बाहेर होतं. आई पलंगाच्या कडेला बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. धाकटी म्हणाली, "मम्मी, मैं उठ रही हूँ, पाँच मिनट." आई म्हणाली, "नको उठू." मग बाहेरच्या खोलीत आली. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. विहीणबाई, व्याही, जावई, सगळे तिथे बसले होते.

"विहीणबाई, हिले मनाच्या डॉक्टरकडे न्या," आई म्हणाली. "आजच."

विहीणबाई म्हणाल्या की पहिलटकरणीला होतं असं, कमजोरी आहे, डिंकाचे लाडू सुरू केले आहेत.

"कमजोरी नाही हे. मले हेच झालं होतं, हिच्याच वेळी. तीस वर्षं मले कोणी डॉक्टरकडे नेलं नाही."

"तुम्हाले तर थायरॉइड आहे ना?"

"नाही. ते खोटं सांगितलं होतं मी. लग्न मोडन म्हणून."

आई "मी" म्हणाली होती. माझ्या हातात पेला होता आणि मी तीन पावलांवर उभी होते. मी सांगितलं ते, तिने नाही, एवढंच बोलायचं होतं. मी ओठ उघडलेसुद्धा. पण विहीणबाईंचा चेहरा पाहिला आणि शब्द आला नाही.

"म्हणजे आमच्या पोराले फसवलं तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"हव, फसवलं. त्याचा राग माह्यावर काढा. जन्मभर काढा. पण तिले आज न्या."

व्याही उठून आतल्या खोलीत गेले. जावयाने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. धाकटीला आम्ही दोघींनी धरून खाली आणलं. ती आईकडे पाहत नव्हती. जिन्यातच मला म्हणाली, "मम्मी ने सबके सामने क्यों बोला?"

तिला औषधं सुरू झाली. बरं व्हायला वेळ लागला, पण ती झाली. आता भाचा चालायला लागला आहे. तिच्या सासरी त्या आजाराला अजून कमजोरीच म्हणतात. बाहेर त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. आता ती त्यांच्या घरातली गोष्ट झाली, म्हणून आमच्यापेक्षा जास्त जपून ठेवली आहे. घरात मात्र विसरत नाहीत. ती कधी बाळावर ओरडली, सकाळी उशिरा उठली, की कुणीतरी विचारतं, गोळी घेतली का. एकदा तिने मला सांगितलं की नणंदेशी भांडण झालं आणि आपलं म्हणणं बरोबर होतं, तरी त्या प्रश्नावर ते संपलं. हल्ली ती भांडतच नाही. वर्षभर ती आईशीही नीट बोलली नाही. फोन यायचा तो बाबांना. आता बोलते, मुलाला फोनवर नानीशी बोलायला लावते, पण ते सगळं बाळाच्या आडून.

विहीणबाई आमच्या घरी येत नाहीत. सणाला जावईच येऊन धाकटीला सोडून जातो. आईचा विषय निघाला की त्या "त्यांना तर काय" एवढंच म्हणतात, असं धाकटीकडून कळतं.

मागच्या महिन्यात मी आईला दवाखान्यातून आणत होते. गाडी चौबे कॉलोनीच्या वळणावर अडकली होती. मी समोर पाहतच म्हटलं की मी भिलाईला जाऊन विहीणबाईंना सांगून येते, ते खोटं माझं होतं.

"राहू दे," आई म्हणाली. "पोट्टीले तिथं राहायचं आहे. त्यायचा राग एकट्या माह्यावर आहे तर बरं आहे. तुझं नाव आलं तर तिले कोणाकडे जायची सोय राहणार नाही."

मी म्हटलं, हे बरोबर नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि पुढची गाडी सरकल्याचं मला दाखवलं.

मी अजून सांगितलेलं नाही.